जोडचित्र पडद्यावर सपाटच का दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोळच्या माळ्यावर लाकडी दांड्याचं, दोन भिंगांचं एक यंत्र आणि जाड पुठ्ठ्याची सात कार्डं सापडली. याला स्टिरिओस्कोप म्हणतात आणि असली हजारो कार्डं परदेशातल्या ग्रंथालयांनी ऑनलाइन ठेवली आहेत, इतकं शोधून कळलं. पण पडद्यावर शेजारी शेजारी दोन सारखे फोटो दिसतात, त्यापलीकडे काही नाही. ती बघायची कशी, शोधायची कुठे, साल कसं ठरवायचं, आणि जुन्या मुंबईचं काही मिळेल का?

माझी नोकरी स्टिरिओस्कोपखाली डोकं घालून बसण्यातच गेली. भूजलाचं सर्वेक्षण. विमानातून घेतलेल्या फोटोंची जोडी टेबलावर लावायची, वर आरशांचा स्टिरिओस्कोप ठेवायचा आणि काळ्या दगडातल्या भेगा, डाइक (खडकात भिंतीसारखे घुसलेले दगडाचे पट्टे), नाल्यांची वळणं ट्रेसिंग पेपरवर उतरवायची. निवृत्त झाल्यावर तीच खोड जुन्या कार्डांकडे वळवली. त्यामुळे हे उत्तर कलाप्रेमी माणसाचं कमी आणि सर्वेक्षण करणाऱ्याचं जास्त वाटेल, त्याला इलाज नाही.

पहिली गोष्ट. ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेलं आहे ते कार्डाचं चित्र. जोडचित्र, म्हणजे दोन फोटो मिळून खोली असलेलं दिसणारं एक चित्र, त्या कार्डावर नसतंच. ते बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतं. हजारो कार्डांची नोंद करणाऱ्याला प्रत्येक कार्ड भिंगातून बघायला सवड कुठून असणार? वर छापलेला मथळा उतरवायचा, साल घालायचं, पुढचं कार्ड घ्यायचं, असंच बहुतेक नोंदी वाचताना वाटतं. म्हणून कार्डात खोलीमुळे जे दिसतं, ते नोंदीत क्वचितच सापडतं. तुम्ही एखादं कार्ड नीट बघितलंत तर त्यातली एखादी गोष्ट अनेक वर्षांत पहिल्यांदा तुम्हालाच दिसलेली असेल. मला या नादात धरून ठेवलं ते याच गोष्टीने.

आता बघायचं कसं. आधी एक प्रयोग करा. हाताचा अंगठा चेहऱ्यासमोर धरा आणि मागच्या खिडकीकडे बघा. उजवा डोळा मिटला की अंगठा खिडकीच्या मानाने उजवीकडे सरकतो, डावा मिटला की डावीकडे. दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना जग किंचित वेगळं दिसतं, आणि त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. गंमत म्हणजे तेव्हा फोटोग्राफी जगासमोर आलेलीच नव्हती, ती पुढच्या वर्षी आली. व्हीटस्टन यांनी आपलं म्हणणं सिद्ध केलं ते हाताने काढलेल्या रेघांच्या जोड्या दोन आरशांतून दाखवून. माझ्या ऑफिसातला आरशांचा स्टिरिओस्कोप हा त्याच यंत्राचा वंशज. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1849 मध्ये भिंगांचा सुटसुटीत डबा केला, पॅरिसच्या द्युबोस्क यांनी तो बनवून 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ठेवला, व्हिक्टोरिया राणीला आवडला, आणि मग युरोपभर घरोघरी ही चित्रं पोचली. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी 1854 ची. स्टिरिओस्कोप नाही असं एकही घर नसावं, अशा अर्थाचं तिचं घोषवाक्य होतं.

पडद्यावर बघायच्या दोन रीती आहेत. एकीत डोळे सैल सोडायचे, म्हणजे डाव्या डोळ्याने डावं चित्र आणि उजव्याने उजवं. यात अडचण एकच. दोन्ही चित्रांतला तोच बिंदू (समजा, एकाच झेंड्याच्या काठीचं टोक) पडद्यावर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतरावर असेल तर डोळे बाहेरच्या बाजूला फाकवावे लागतात, आणि ते माणसाच्या डोळ्यांना जमत नाही. लॅपटॉपवर चित्र उघडून टक लावून बसणाऱ्यांचं इथेच बिनसतं. चित्र लहान करा. पट्टी लावून मोजा. साडेपाच ते सहा सेंटिमीटर आलं की थांबा. मग नाक पडद्याजवळ नेऊन, पडद्यापलीकडच्या भिंतीकडे बघतोय अशी नजर ठेवून हळूहळू मागे या. तीन चित्रं दिसू लागतील. मधल्यावर लक्ष ठेवा. एका क्षणी ते ‘बसतं’. आमच्याकडे आम्ही ‘जोडी बसली’ असंच म्हणायचो.

दुसरी रीत तिरळ्या नजरेची. बोट डोळ्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये धरायचं, बोटाकडे बघायचं, आणि मागे तिसरं चित्र तयार झालं की बोट काढून घ्यायचं. यात चित्र हवं तेवढं मोठं ठेवता येतं, म्हणून मी अभ्यासासाठी हीच वापरतो. पण त्यासाठी आधी डावं चित्र उजवीकडे आणि उजवं डावीकडे घ्यावं लागतं. ते विसरलात तर सगळं उलटं दिसेल: जवळचं लांब, लांबचं जवळ, चेहरा आतून बघितलेल्या मुखवट्यासारखा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फोटोंची जोडी उलटी लावून अख्खी सकाळ नाल्यांना डोंगराच्या सोंडा समजून रेघा मारल्या होत्या. साहेबांनी ट्रेसिंग बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, ‘‘या गावचं पाणी डोंगरावर चढतं का हो?’’

या उलट्या जोडीचा विषय ऑनलाइन संग्रहांत फार महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं थांबतो. स्टिरिओ कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात आणि प्रत्येक भिंग आपापलं चित्र काचेवर उलटं पाडतं. काच सरळ धरली की प्रत्येक चित्र सुलटं होतं खरं, पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे गेलेलं असतं. म्हणून त्या काळचे कारागीर प्रिंट मधोमध कापून, अदलाबदल करून पुठ्ठ्यावर चिकटवत. तयार कार्ड त्यामुळे बरोबर असतं. पण ग्रंथालयाने कार्डाऐवजी मूळ काचेची निगेटिव्ह स्कॅन केली असेल तर अदलाबदल झालेलीच नसते. अमेरिकन यादवी युद्धाच्या निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने अशाच ठेवल्या आहेत. अँटिटमच्या रणभूमीवर 1862 च्या सप्टेंबरात अलेक्झांडर गार्डनर यांनी टिपलेली मृत सैनिकांची जी चित्रं जगभर छापली गेली, त्यांतली बरीचशी मुळात जोडचित्रांचा एकेक अर्धा भाग आहेत. पुस्तकात आपण अर्धंच बघत आलो. निगेटिव्ह उतरवून घ्या, मधोमध कापा, बाजू बदला, मग बघा. कुंपणाच्या कडेची ती माणसं एकामागे एक किती अंतरावर पडली आहेत हे कळलं की चित्र पूर्वीसारखं राहत नाही.

जोडी सुलटी आहे की उलटी, हे डोळ्यांना खोली दिसत नसतानाही ओळखता येतं. अंगठ्याचा प्रयोग आठवा. जवळचा एखादा खांब धरा आणि त्याच्या मागची भिंत बघा. बरोबर जोडीत डाव्या चित्रातला खांब मागच्या भिंतीच्या मानाने जास्त उजवीकडे असतो. उलटं दिसलं तर बाजू बदला.

साधनांबद्दल पटकन सांगतो. मासुजी सुतो या जपानी गृहस्थांनी केलेलं ‘स्टिरिओफोटो मेकर’ हे विंडोजवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. वाकडी बसलेली जोडी सरळ करणं, बाजू बदलणं, लाल-निळ्या चष्म्यासाठी ॲनाग्लिफ करणं, सगळं त्यात होतं. मोबाइल खुपसायचा पुठ्ठ्याचा चष्मा घरात पडला असेल तर तोही चालतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने 2012 मध्ये आपल्या कार्डांवरून हलती चित्रं करायची एक सोय काढली होती. दोन्ही चित्रं आलटून पालटून दाखवायची, की देखावा डुलल्यासारखा दिसतो आणि खोलीचा भास होतो. व्हॉट्सॲपवर मित्रांना दाखवायला हे झकास. एका डोळ्याने अधू असलेल्यांना किंवा ज्यांची जोडी बसतच नाही अशांना (अशी माणसं असतात, त्यात त्यांचा दोष नाही) तर हाच मार्ग आहे. पण अभ्यासाला त्याचा उपयोग कमी. सारखं डुलणाऱ्या चित्रात बारकावा शोधायचा म्हणजे चालत्या एसटीत बसून सुईत दोरा ओवायचा.

आता कुठे शोधायचं. मी तीन-चारच जागा सांगतो, कारण यादी लांब केली की माणूस एकही उघडत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रिंट्स अँड फोटोग्राफ्स विभागाकडे सुमारे 52,000 जोडचित्रं आहेत, 1850 च्या दशकापासून 1940 च्या दशकापर्यंतची. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे रॉबर्ट एन. डेनिस यांचा संग्रह आहे, 40,000 हून जास्त कार्डांचा; त्यात अमेरिकेची गावंच गावं आहेत, भारत कमी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या फोटोग्राफी संग्रहालयात अशी कार्डं छापणाऱ्या कीस्टोन कंपनीचं अख्खं दप्तर आहे. अडीच लाखांवर निगेटिव्ह आणि लाखभर प्रिंट. त्यातला काही भाग ऑनलाइन बघता येतो. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम मोठ्या आकाराची चित्रं मोफत उतरवू देतं आणि तिथे युरोपातली सुरुवातीच्या काळातली कार्डं भरपूर आहेत.

शोधताना दोन पथ्यं पाळा. आजची नावं टाकू नका. बॉम्बे, पूना, बनारस, पारसी, हिंदू या शब्दांची जुनी इंग्रजी स्पेलिंग टाका. कार्ल्याच्या लेण्यांना एकेका मथळ्यात एकेक स्पेलिंग असतं. आणि उतरवून घेताना सगळ्यांत मोठी फाइल घ्या, टिफ मिळत असेल तर टिफच. छोट्या जेपेगमध्ये खोली दिसते, पण बारकावे गेलेले असतात, आणि आपल्याला तर बारकावेच हवेत.

मुंबईचं काय? मिळतं, बऱ्यापैकी मिळतं. आणि जोडचित्र वाचायचं म्हणजे काय हे मुंबईच्या कार्डांवर सांगणं मला सोपं जाईल.

ही कार्डं मुख्यतः अमेरिकन कंपन्यांची आहेत. अंडरवुड अँड अंडरवुड ही एल्मर आणि बर्ट या दोन भावांनी 1881 साली कॅन्सस राज्यातल्या ओटावा गावात सुरू केलेली. कीस्टोन व्ह्यू कंपनी 1892 ची, पेन्सिल्व्हेनियातल्या मीडव्हिलची. अंडरवुडसाठी भारतात फिरलेले छायाचित्रकार म्हणजे जेम्स रिकल्टन. आधी न्यू जर्सीतल्या मेपलवुडमध्ये शाळामास्तर. एडिसन यांनी 1888 मध्ये विजेच्या दिव्याच्या तारेसाठी चांगला बांबू शोधायला त्यांनाच पूर्वेकडे धाडलं होतं. पुढे हा माणूस फिलिपिन्सच्या लढाईत, चीनच्या बॉक्सर बंडात, पोर्ट आर्थरच्या वेढ्यात जड कॅमेरा घेऊन हजर. त्यांचं ‘इंडिया थ्रू द स्टिरिओस्कोप’ 1907 साली आलं: शंभर कार्डं आणि सोबत पुस्तक. पुस्तक ऑनलाइन मोफत वाचता येतं, आणि मी म्हणेन की कार्डांपेक्षा त्यातले नकाशे आधी बघा. छायाचित्रकार कुठे उभा होता आणि त्याच्या नजरेत किती भाग येत होता, हे नकाशावर दोन फाकणाऱ्या रेघांनी दाखवलं आहे. अंडरवुडने या पद्धतीचं पेटंटच घेतलं होतं. आम्ही हवाई फोटोंची कक्षा नकाशावर आखायचो, तसलंच काम. पहिल्यांदा ते नकाशे बघितले तेव्हा मला आपल्याच खात्यातलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

सालाबद्दल मी एकदा चांगलाच तोंडावर पडलो आहे. मुंबईच्या रस्त्याचं एक कार्ड, त्यावर कीस्टोनचं नाव. मित्रमंडळींना ठणकावून सांगितलं की हे 1920 च्या दशकातलं. एकाने शांतपणे विचारलं, मग रस्त्यावर घोड्याची ट्राम कशी काय? मुंबईत घोड्याची ट्राम 1874 मध्ये सुरू झाली आणि 1905 मध्ये बंद पडली. विजेची ट्राम धावली ती 1907 च्या मे महिन्यात. घोळ असा होता की कीस्टोनने अंडरवुडच्या निगेटिव्ह पुढे 1920 च्या सुमाराला विकत घेतल्या आणि आपल्या नावाने पुन्हा छापल्या. म्हणजे कार्ड नवं, चित्र जुनं. तेव्हापासून मी पुठ्ठ्यावरच्या नावावर विश्वास ठेवत नाही.

दुसरी फसगत सालाच्या आकड्याची. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत आकड्याआधी नुसतं ‘सी’ अक्षर चिकटलेलं असतं. बरेच जण त्याचा अर्थ ‘सुमारे’ असा घेतात. तो अर्थ नाही. ते कॉपीराइट नोंदवल्याचं साल आहे; यातली पुष्कळ कार्डं तिथे कॉपीराइटसाठी जमा केली गेली म्हणूनच तिथे आहेत. फोटो त्याआधी कधीतरी काढलेला असतो, कधी महिनाभर आधी, कधी काही वर्षं आधी. ‘सुमारे’ सांगायचं असेल तेव्हा ‘सी ए’ अशी दोन अक्षरं लिहिलेली असतात. आकडा मिळाला की तो वरची मर्यादा समजा. त्याच्या नंतरचा फोटो नाही, एवढंच त्याने कळतं.

खालची मर्यादा शहर सांगतं. राजाबाई टॉवर पूर्ण दिसतोय म्हणजे 1878 च्या अखेरीनंतरचं. व्हिक्टोरिया टर्मिनस पूर्ण आहे, म्हणजे 1888 नंतरचं. त्याच्या समोरची महापालिकेची इमारत उभी आहे का? ती 1893 ची. किनाऱ्यावर ताजमहाल हॉटेल आहे? मग 1903 च्या आधीचं असणं कठीण. बांधकाम चालू दिसलं तर गोष्ट वेगळी. गेटवे ऑफ इंडिया 1924 चा, पण त्याआधीची दहा-बारा वर्षं तिथे काम चालू होतं, तेव्हा मोकळा धक्का दिसतो की भराव, ते बघा.

इथवर सगळं एका सपाट फोटोवरही करता येतं. खरी मजा यानंतर आहे. घोड्याची ट्राम संपलेली, रस्त्यावर ट्राम कुठेच दिसत नाही, पण विजेची आली होती का नाही हे ठरवायचं आहे. विजेच्या ट्रामला डोक्यावर तार लागते. सपाट फोटोत आकाशात बारीक काळी रेघ दिसते. ती तार आहे, का निगेटिव्हवरचा ओरखडा, का स्कॅनरवरचा केस? एका फोटोवरून छातीठोकपणे सांगताच येत नाही. जोडी बसवा. ओरखडा एकाच चित्रात असतो, त्यामुळे तो कुठेच टिकत नाही, चमकल्यासारखा होतो, डोळ्याला टोचतो. तार मात्र दोन्ही चित्रांत असते आणि ती रस्त्याच्या वर, खांबाच्या पुढे, घराच्या अलीकडे, आपल्या जागी ताणलेली दिसते. एकदा दिसली की शंका राहत नाही. हवाई फोटोत जमिनीतली भेग आणि फिल्मवरची रेघ आम्ही याच कसोटीवर वेगळी काढायचो. जोडचित्रात प्रत्येक गोष्टीला दोन साक्षीदार असतात, आणि दोघांची साक्ष जुळते की नाही ते तपासता येतं. सपाट फोटोत साक्षीदार एकच.

साक्ष न जुळणं हीसुद्धा माहिती असते. डावं-उजवं चित्र वेगवेगळं, सावकाश वाचा. डाव्यात हमाल पायरीवर आणि उजव्यात दोन पायऱ्या खाली, किंवा एकात बैलगाडी आहे आणि दुसऱ्यात नाहीच, असं असेल तर कॅमेऱ्याला दोन भिंगं नव्हती. एकाच भिंगाचा कॅमेरा बाजूला सरकवून दोन वेळा फोटो घेतला. सुरुवातीच्या वर्षांत हे सर्रास चालायचं. भिंगाखाली एखाद्या मनोऱ्यावरचं घड्याळ सापडलं तर मधली मिनिटंही मोजता येतात, पण असं भाग्य मला अजून लाभलेलं नाही. उलट दोन्ही चित्रं हुबेहूब सारखी असतील, जोडी बसूनही सगळं पत्र्यावर चिकटवल्यासारखं दिसत असेल, तर कुणीतरी एकाच फोटोच्या दोन प्रती चिकटवून कार्ड विकलं आहे. असे लबाड तेव्हाही होते.

आणखी एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. चंद्राची जोडचित्रं या संग्रहांत सापडतात, आणि चंद्र त्यांत चेंडूसारखा गोल दिसतो. चंद्र इतका लांब, की आपल्या दोन डोळ्यांना तो सारखाच दिसणार. मग खोली आली कुठून? चंद्र आपल्याकडे एकच तोंड ठेवतो असं आपण शिकलो, पण तो किंचित डोलतो. मान हलवल्यासारखा कधी थोडी ही बाजू दाखवतो, कधी ती. इंग्लंडमधल्या वॉरन डी ला रू यांनी 1858 च्या सुमाराला याचा उपयोग केला. वेगवेगळ्या वेळी, पण सारख्याच कलेचे दोन फोटो निवडायचे. चंद्राची मान दोन्हींत जरा वेगळी वळलेली. एक डाव्या डोळ्याला द्यायचा, दुसरा उजव्याला. हे चित्र जोडी बसवून बघताना आपण माणसाच्या नव्हे, एखाद्या राक्षसाच्या डोळ्यांनी बघत असतो. डोंगराच्या आणि दऱ्यांच्या काही कार्डांतही छायाचित्रकाराने दोन फोटोंमधलं अंतर मुद्दाम वाढवलेलं असतं. तिथे उंची फुगते आणि देखावा खेळण्यातल्या मांडणीसारखा दिसतो. कार्डावरून कड्याच्या उंचीचा अंदाज बांधायच्या भानगडीत म्हणूनच पडू नका. हवाई फोटोंत आमच्या टेकड्याही सुळक्यांसारख्या दिसायच्या, आणि नवीन माणूस प्रत्यक्ष गावी गेला की हिरमुसायचा.

भारताच्या कार्डांबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे धक्का बसणार नाही. लेणी, घाट, राजवाडे यांच्या जोडीने दुष्काळ आणि प्लेगचीही कार्डं आहेत. हाडांचे सापळे झालेली माणसं ओळीने बसवलेली. 1900 च्या आसपास ही कार्डं अमेरिकेत दारोदार विकली जात. सुट्टीत पैसे मिळवायला निघालेले कॉलेजचे विद्यार्थी विक्रेते असत. दिवाणखान्यात बसून, बोस्टन पाहून झालं की पुढचं कार्ड हे. मथळेही त्या काळाच्या तोऱ्यातले. सपाट फोटोत ही माणसं ‘दुष्काळग्रस्त’ या शब्दामागे लपतात. जोडी बसली की पहिल्या रांगेतलं पोर हाताच्या अंतरावर येतं, आणि ते कॅमेऱ्याकडे बघत नसतं, कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघत असतं. कुणी बसवलं त्यांना तसं, काय सांगून? मी अशी कार्डं एका बैठकीत दोनपेक्षा जास्त बघत नाही.

आता तुमच्या माळ्यावरच्या खजिन्याकडे. वर्णनावरून ते होम्स पद्धतीचं यंत्र वाटतं: ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टर-लेखकाने 1861 मध्ये केलेली हलकी रचना. त्यांनी पेटंट घेतलंच नाही, त्यामुळे ज्याला जमेल त्याने बनवलं आणि ते जगभर गेलं. यंत्रावरून कार्डांचं साल काढू नका. यंत्र आजोबांचं आणि कार्डं पणजोबांची असू शकतात, किंवा उलटही.

कार्डांचा पुठ्ठा बघा. पातळ, सपाट आणि चौकोनी कोपऱ्यांचा असेल तर बहुधा 1870 च्या आधीचा. कोपरे गोल झाले 1860 च्या दशकाच्या अखेरीपासून. पुठ्ठा किंचित बाकदार असेल तर साधारण 1880 नंतरचा. हा बाक मुद्दाम दिलेला असतो, ओल लागून आलेला नसतो. वजनाखाली ठेवून तो सरळ करू नका, वरचा फोटो तडकेल. मागे अमेरिकन महसुली तिकीट चिकटवलेलं असेल तर नशीबवान आहात, कारण फोटोंवर तो कर 1864 ते 1866 एवढाच होता. भिंगाखाली चित्रात ठिपकेच ठिपके दिसले तर तो फोटो नाही, छापखान्यातली छपाई आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची स्वस्त कार्डं अशी असतात. बहुधा अशीच निघतील, हिरमुसू नका. पुसायला स्पिरिट, ओलं फडकं, काही म्हणजे काही वापरू नका. मऊ ब्रशने कोरडी धूळ झटका. दोन्ही बाजू निदान 600 डीपीआयवर स्कॅन करा. मागची बाजूही तितक्याच आस्थेने, कारण कीस्टोनच्या कार्डांच्या मागे शाळांसाठी मजकूर छापलेला असतो आणि तो पुष्कळदा चित्रापेक्षा जास्त बोलका असतो.

आणि हातात यंत्र असताना पडद्यावर डोळे ताणत कशाला बसायचं? ग्रंथालयाच्या नोंदीत वापरावर बंधन नसल्याचं लिहिलं असेल तर ती मोठी फाइल उतरवा, 178 मिलिमीटर रुंद आणि 89 मिलिमीटर उंच अशा मापात बसवा, आणि कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतून जाड मॅट कागदावर छापून आणा. कार्डाचं मूळ माप हेच, सात इंच बाय साडेतीन. प्रिंट पोस्टकार्डाएवढ्या जाडीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, म्हणजे खाचेत ताठ उभं राहील. भिंगं आधी नुसत्या कोरड्या सुती कापडाने पुसा. पहिल्यांदा लेणं किंवा कमानींची ओवरी असलेलं चित्र घ्या, खांबांची रांग आत आत जात असली की जोडी लवकर बसते. कार्ड धरायचा आडवा तुकडा दांड्यावर पुढे-मागे सरकतो. तो गंजला किंवा फुगला असेल तर तेल घालू नका, मेणबत्ती घासा. आधी अगदी दूर न्या आणि मग एकेक बोट जवळ आणत या. चष्मा असेल तर लावूनच बघा.